‘उरलेल्यांचा खेळ’ म्हणणाऱ्यांना

मुलगा लागोपाठ दोन स्पर्धांत सिंगल्सच्या पहिल्याच फेरीत हरला, की आमच्याकडे पालक आणि कोच मिळून ठरवतात: आता याला डबल्सला टाकू. मुलालाही कळतं की ही बढती नव्हे. तो मान खाली घालून अशाच हरलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाशेजारी जाऊन उभा राहतो आणि जोडी जमली असं जाहीर होतं. वर्षभरात ही जोडीही हरते. मग तेच पालक आणि तेच कोच सांगू लागतात की बघा, डबल्समध्ये काही करिअर नसतं.

जळगावच्या मेहरूण तलावाच्या कडेनं सकाळी चालणाऱ्यांमध्ये बॅडमिंटनच्या मुलांचे पालक पुष्कळ आहेत, आणि हे मत तिथे फुकट वाटलं जातं. डबल्स हा उरलेल्यांचा खेळ. त्यात सगळं पार्टनरच्या भरवशावर. बक्षीस अर्धं, आणि नाव तर कुणाचंच होत नाही. बोलणारे अडाणी नाहीत. त्यांत डॉक्टर आहेत, केळीचे व्यापारी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले साहेब आहेत. गंमत अशी की यांतले बहुतेक जण स्वतः रोज डबल्सच खेळतात.

माझ्या मते गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. हॉलमध्ये कोर्टं मोजकी आणि सकाळी सहाला माणसं तीस. एका कोर्टवर दोघांना सोडलं तर बाकीचे बाकावर बसून पेंगणार, म्हणून चौघांना सोडायचं. त्यात आपलं जळगाव. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, शटल वाऱ्यानं भरकटू नये म्हणून पंखे बंद, दारं लावलेली. अशा भट्टीत पन्नाशीच्या गृहस्थानं एकट्यानं अख्खं कोर्ट धावायचं म्हणजे घरच्यांना घोर. तेव्हा अर्धं कोर्ट आपलं, अर्धं दुसऱ्याचं, मधे पडलेल्या शटलकडे दोघांनी बघत राहायचं आणि मग ‘सॉरी, सॉरी’ म्हणून हसायचं, असा डबल्स आपण खेळतो. तो खेळावाच, तब्येतीला चांगला आहे. फक्त तो खेळून आपल्याला डबल्स कळलं असं समजू नये. गल्लीत विटांचे स्टंप लावून खेळणाऱ्यानं कसोटी सामन्याच्या गोलंदाजीवर निकाल देण्यातला हा प्रकार आहे.

व्यावसायिक डबल्समध्ये अर्धं कोर्ट कुणाचंच नसतं. सिंगल्सचं कोर्ट ५.१८ मीटर रुंद, डबल्सचं ६.१० मीटर. सर्व्हिसच्या वेळी मात्र मागची रेषा ७६ सेंटिमीटर आत येते, म्हणजे सर्व्हिस झेलायची जागा रुंदीला जास्त आणि लांबीला कमी. या एका रेषेनं सगळा खेळ बदलतो. सिंगल्समध्ये उंच, खोल सर्व्हिस करून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलता येतं. डबल्समध्ये तसं केलं तर शटल आत पडायच्या आधीच स्मॅश होऊन अंगावर येतं. म्हणून सर्व्हिस जाळीला घासून जाईल अशी आखूड करावी लागते. रॅकेट लागताना शटल १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे, हा २०१८पासूनचा नियम. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच. म्हणजे शटल खालून वर चढवायचं, जाळीवरून केसाच्या अंतरानं काढायचं, आणि पलीकडे रॅकेट उगारून एक पाय पुढे टाकून उभा असलेला माणूस ते ठेचायच्या आत जमिनीकडे वळवायचं. हे २१ गुणांच्या गेममध्ये, १९-१९ असताना, हात थरथरू न देता करायचं. शटलला फिरकी देऊन केलेली सर्व्हिस २०२३ साली इतकी डोईजड झाली की जागतिक महासंघाला तिच्यावर बंदी घालावी लागली. एका सर्व्हिसवर नियमपुस्तक बदलतं, तो खेळ उरलेल्यांचा?

त्यापुढचे दोन-तीन फटके तर आपल्या डोळ्यांना दिसतही नाहीत. सर्व्हिस, रिसीव्ह, तिसरा फटका, आणि एवढ्यात गुणाचा निकाल बहुधा ठरलेला असतो. पुढे उभा असलेला खेळाडू मागे वळून बघत नाही, बघितलं तर संपला. आपला पार्टनर मागून स्मॅश सरळ मारणार की मधोमध, हे त्याला आवाजावरून आणि समोरच्याच्या खांद्यावरून ओळखायचं असतं. त्यानुसार तो अर्धं पाऊल डावीकडे सरकतो. त्या अर्ध्या पावलामुळे समोरच्याची सुटकेची एकच वाट उरते आणि तिथे रॅकेट आधीच पोचलेली असते. टीव्हीवर टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला मिळतात. जाणकार मात्र पुढच्याचे पाय बघत असतात.

आणि ताकदीचं म्हणाल, तर २०२३ साली गिनीजमध्ये नोंद झालेला ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा. त्याच वेळी महिलांमधला विक्रम नोंदला गेला तो मलेशियाच्या पर्ली टॅनचा. दोघंही डबल्सचे खेळाडू.

‘सिंगल्स जमलं नाही म्हणून डबल्स’ या म्हणण्यात थोडंसं तथ्य आहे, ते मान्य करतो. जगभरातले डबल्सचे बरेच खेळाडू लहानपणी सिंगल्स खेळत होते. मग काय झालं? अनिल कुंबळे फलंदाजी साधली नाही म्हणून लेगस्पिन टाकू लागला, असं कुणी म्हणत नाही. चांगला कोच मुलाचं मनगट, प्रतिक्षिप्त क्रिया, पहिल्या चार पावलांचा वेग आणि स्वभाव बघतो आणि सांगतो की याचं घर इथे आहे. पुलेला गोपीचंद २००१ साली ऑल इंग्लंडचा सिंगल्स विजेता. त्याची मुलगी गायत्री त्रिसा जॉलीबरोबर डबल्स खेळते आणि २०२२ व २०२३, लागोपाठ दोन वर्षं ही जोडी ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत पोचली. ज्या घरात ती ट्रॉफी आहे, जिथे देशातलं सगळ्यात नावाजलेलं सिंगल्सचं प्रशिक्षण दारात आहे, त्या घरानं मुलीला नाइलाजानं डबल्सला टाकलं, असं मेहरूणच्या कट्ट्यावर बसून म्हणायचं असेल तर म्हणा.

मागे जाऊ. सांगलीचे नंदू नाटेकर म्हटलं की आपल्याला १९५६ सालचं सेलांगोरचं विजेतेपद आणि १९६१ सालचा पहिला अर्जुन पुरस्कार आठवतो. त्यांची राष्ट्रीय विजेतेपदं किती आणि कोणती? एकूण १७, आणि त्यातली सिंगल्सची सहा. पुरुष डबल्सचीही सहा आणि मिक्सची पाच. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या बॅडमिंटनपटूच्या कपाटातली जवळजवळ दोन तृतीयांश राष्ट्रीय विजेतेपदं पार्टनरबरोबर मिळवलेली आहेत. त्या पिढीला यात काही कमीपणा वाटला नाही. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष डबल्सचं ब्राँझ आणलं, तेव्हाही कुणी ते अर्ध्या वजनाचं मोजलं नव्हतं.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घ्या. प्रकाश पदुकोणनं १९८३ साली ब्राँझ मिळवलं. त्यानंतर भारताचं पुढचं पदक कुणाचं, हा प्रश्न मी बॅडमिंटनच्या जाणकार मंडळींना विचारून पाहिलेला आहे. सायना, असं उत्तर येतं, नाहीतर सिंधू. सिंधूचं पहिलं पदक २०१३चं. सायनाचं त्याहूनही पुढचं. मधलं पदक २०११ साली लंडनमध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी महिला डबल्समध्ये आणलं. अठ्ठावीस वर्षांचा दुष्काळ डबल्सनं संपवला आणि आपल्या लक्षातही राहिलं नाही. ज्वालाचा जन्म तर आपल्या वर्ध्याचा.

त्याच ज्वाला-अश्विनीचं २०१३ साली काय झालं तेही सांगतो, कारण ‘डबल्समध्ये नाव होत नाही’ असं म्हणणाऱ्यांना ते नाव कसं पुसलं जातं हे कळलं पाहिजे. इंडियन बॅडमिंटन लीग सुरू होत होती. दोघींना आयकॉन खेळाडू म्हणून मिरवलं गेलं, मूळ किंमत ५० हजार डॉलर ठरली. मग आयोजकांनी महिला डबल्सची लढतच काढून टाकली, त्या जागी पुरुषांची आणखी एक सिंगल्स घातली आणि लिलावात दोघींची मूळ किंमत निम्म्यावर, २५ हजारांवर आणली. दोन वर्षांपूर्वी जागतिक पदक, तीन वर्षांपूर्वी राष्ट्रकुलचं सुवर्ण. खेळ यांचाच रद्द करायचा आणि मग म्हणायचं की यांना बाजारभाव नाही. आमच्याकडच्या जिल्हा पातळीवर जे चालतं तेच हे, फक्त डॉलरमध्ये.

आता पार्टनरचा भरवसा. हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पार्टनर आजारी पडला तर तुमचीही स्पर्धा गेली. २०२४च्या ऑलिंपिकनंतर सात्त्विकच्या खांद्यामुळे त्याचा पार्टनर चिराग शेट्टीही कोर्टबाहेर बसला, आणि २०२५च्या ऑल इंग्लंडमध्ये चिरागच्या पाठीनं दगा दिला तेव्हा चांगला धडधाकट सात्त्विकही सामना सोडून बाहेर आला. सिंगल्सवाल्याला फक्त स्वतःच्या गुडघ्यांची काळजी. डबल्सवाल्याला चार गुडघ्यांची.

पण भरवशावर म्हणजे नशिबावर, हा जो अर्थ लावला जातो तो चूक आहे. चिराग मुंबईचा, उदय पवार यांच्या तालमीत तयार झालेला. सात्त्विक आंध्रातल्या अमलापुरमचा. २०१६ साली मलेशियाचे कोच तान किम हेर यांनी या दोघांना एकत्र आणलं तेव्हा चिराग एकोणिशीचा आणि सात्त्विक पंधरा-सोळा वर्षांचा. एकाची घरची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. दोघंही उंच आणि दोघांनाही मागून ठोकायची सवय. कुठल्याही पालकानं सांगितलं असतं की ही जोडी जमणार नाही, पुढे कोण उभा राहणार? कोचनं ऐकलं नाही. पुढे उभं राहणं शिकावं लागलं, सर्व्हिस नव्यानं घासावी लागली. दोन वर्षांत राष्ट्रकुलचं रौप्य आलं. २०१९ साली थायलंड ओपन, म्हणजे सुपर ५०० दर्जाची स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय पुरुष जोडी हीच.

भरवसा कष्टानं कमवायचा असतो याचा याहून उघड पुरावा थॉमस कपच्या, म्हणजे पुरुषांच्या सांघिक विश्वचषकाच्या, अंतिम सामन्यात आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. १५ मे २०२२, बँकॉक. लक्ष्य सेननं पहिली लढत जिंकलेली. दुसरी लढत डबल्सची. इंडोनेशियानं मोहम्मद अहसान आणि केव्हिन सुकामुल्जो उतरवले. दोघंही आपापल्या नेहमीच्या पार्टनरबरोबर जगात पहिल्या क्रमांकावर राहिलेले, पण एकमेकांचे नेहमीचे पार्टनर नव्हेत. खेळाडू म्हणून पाहाल तर पारडं त्यांच्याकडे झुकलेलं. पहिला गेम त्यांनी २१-१८ घेतलाही. दुसऱ्यात मॅच पॉइंटपर्यंत आले. तिथून सात्त्विक-चिरागनं २३-२१ आणि मग २१-१९ असा सामना काढला. दोन थोर खेळाडू शेजारी उभे केले की जोडी होत नाही. सहा वर्षं एकमेकांच्या चुका पचवलेल्यांची होते.

आणि त्या थॉमस कपचा हिशेब नीट मांडला, तर ‘उरलेले’ कोण ते कळेल. पाच लढतींत तीन सिंगल्स, दोन डबल्स. भारतात सिंगल्सचे पुरुष खेळाडू कधीच कमी नव्हते, तरी १९७९नंतर आपण उपांत्य फेरीसुद्धा पाहिली नव्हती. कारण समोरचा संघ दोन डबल्स खिशात घालून उतरायचा आणि त्याला तीनपैकी एक सिंगल्स पुरायची. २०२२ साली उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाला आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कला आपण ३-२ असं हरवलं. दोन्ही वेळा शेवटची, सिंगल्सची लढत एच. एस. प्रणॉयनं जिंकली, त्याचा फोटो सगळीकडे छापून आला आणि तो यायलाच हवा होता. पण दोन्ही वेळा आपली दुसरी डबल्स जोडी हरलेली आहे. पहिली जोडीही हरली असती तर प्रणॉयला मैदानात उतरायची वेळच आली नसती.

पार्टनर बदलला की करिअर संपतं, हाही असाच एक समज. दक्षिण कोरियाचा सेओ स्यूंग-जे २०२३ साली कोपनहेगनमध्ये एकाच आठवड्यात दोनदा जगज्जेता झाला, पुरुष डबल्समध्ये कांग मिन-ह्युकबरोबर आणि मिक्समध्ये चे यू-जुंगबरोबर. २०२५ साली पुरुष डबल्समध्ये पुन्हा जगज्जेता, या वेळी पार्टनर किम वोन-हो. हा किम तोच, जो २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या पार्टनरबरोबर सात्त्विक-चिरागकडून २१-१८, २१-१६ असा हरला होता. डबल्स खेळता येणं हे कौशल्य आहे, आणि ते माणसाबरोबर जातं. इंडोनेशियाचा हेंद्र सेतियावान २००८ साली मार्किस किडोबरोबर ऑलिंपिक विजेता झाला. पुढे अहसानबरोबर तीनदा जगज्जेता, त्यातलं शेवटचं विजेतेपद २०१९ साली, पस्तिसाव्या वर्षी. निवृत्ती चाळिशीत. अश्विनी पोनप्पा पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा पस्तिशीला आलेली होती आणि शेजारी होती मूळची गोव्याची, तिच्याहून कितीतरी लहान तनिषा क्रास्टो. सिंगल्समध्ये तिशी गाठली की पाय बोलायला लागतात. डबल्समध्ये अनुभव पायांची थोडी उसनवारी फेडतो. मुलाच्या करिअरची काळजी असलेल्या पालकांनी हा मुद्दा तरी विचारात घ्यायला हरकत नव्हती.

पैसा अर्धा मिळतो, हे मात्र खरं आहे. इंडोनेशिया ओपन ही सुपर १००० दर्जाची स्पर्धा सात्त्विक-चिरागनं २०२३ साली जिंकली. असं करणारी ती पहिली भारतीय जोडी. त्या वर्षी स्पर्धेची एकूण बक्षीसरक्कम साडेबारा लाख डॉलर होती. सिंगल्स विजेत्याला ८७,५०० मिळाले, डबल्सच्या जोडीला ९२,५००. म्हणजे एकेकाच्या वाट्याला ४६,२५०. अन्यायच आहे, आणि आपल्या गावच्या स्पर्धांत तो आणखी ठसठशीत दिसतो. सिंगल्सच्या विजेत्याला एक पाकीट आणि डबल्सच्या दोघांना मिळूनही एकच, शिवाय एंट्री फी मात्र दोघांकडून वेगवेगळी. पण या हिशेबावरून डबल्स सोडा असा सल्ला निघत नाही. निघालाच तर आयोजकांच्या टेबलासमोर जाऊन दुसरं पाकीट मागा, असा निघतो. ते कुणी करत नाही. मुलाला गप्प करणं सोपं पडतं.

राहिला मानाचा प्रश्न. जुलै २०२४मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या संघातले मुंबईचे चार खेळाडू विधानभवनात बोलावले गेले, सत्कार झाला, संघाला ११ कोटी रुपये जाहीर झाले. तेव्हा चिराग शेट्टी जाहीरपणे बोलला. थॉमस कप जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा मी एकटाच होतो, रोख बक्षीस राहू द्या, साधा सत्कारही झाला नाही. क्रिकेटबद्दल तक्रार नाही, पण सगळ्या खेळांना सारखं वागवा, असं त्याचं म्हणणं. त्यावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती मला त्या उपेक्षेहून जास्त झोंबली. हा स्वतःच मागतोय, असं बोलणारे निघाले. डबल्सवाल्याला एवढं काय, असंही. ऑक्टोबर २०२३मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला आलेला, आशियाई सुवर्णविजेता, खेलरत्न मिळालेला माणूस हा. भारतातून एखादी डबल्स जोडी पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानं मागायचं नाही तर कुणी मागायचं? १९५६ला नाटेकरांनी परदेशात ट्रॉफी जिंकली याचा अभिमान आपण अजून सांगतो आणि आपल्याच राज्यातला मुलगा बॅडमिंटनचा विश्वचषक घेऊन येतो तेव्हा तो कोणत्या प्रकारात खेळला याची चौकशी करतो.

ऑलिंपिकचं पदक कुठे आहे, असा शेवटचा टोला हमखास येतो. नाही, अजून नाही. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत पहिला गेम २१-१३ जिंकून आरोन चिया आणि सोह वूई यिक यांच्याकडून सात्त्विक-चिराग हरले. तो पराभव माझ्याच्यानं अजून पुन्हा बघवत नाही. टोकियोत तर गटातल्या तीनपैकी दोन लढती जिंकून बाहेर पडले. ज्या तैवानी जोडीला त्यांनी तिसऱ्या गेममध्ये २७-२५ असं हरवलं, तिनंच पुढे सुवर्ण नेलं. पण पदक नाही म्हणून प्रकारच बिनकामाचा, हा न्याय पुरुष सिंगल्सला लावून बघा. भारताला पुरुष सिंगल्समध्ये तरी ऑलिंपिक पदक कुठे मिळालंय? एकही नाही. तरी प्रत्येक पालकाला मुलगा किदंबी श्रीकांत नाहीतर लक्ष्य सेनच व्हायला हवा आहे.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर कट्ट्यावरचा एखादा समंजस पालक म्हणतो, ‘भाऊ, तुमचं सगळं बरोबर. पण आपल्या जळगावात चांगला पार्टनर कुठून आणायचा?’

हा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट देतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री एंट्रीच्या टेबलावर आमच्याकडे जोड्या जमतात. ‘याचं कोण आहे? कुणी नाही? मग त्या धुळ्याच्या पोराबरोबर लिहा.’ सकाळी ही दोन मुलं कोर्टवर एकमेकांचं नाव विचारतात. हे थांबवता येतं आणि त्याला सरकारी योजना लागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपैकी चार-सहा जणांना आठवड्यातले दोन दिवस फक्त आखूड सर्व्हिस, रिसीव्ह आणि तिसरा फटका एवढंच द्या. हॉलमध्ये कोर्टांची टंचाई आहे ना? मग ही तर सोयच झाली, एका कोर्टवर चौघं तशीही उभी असतात, त्यांना उभं कसं राहायचं ते शिकवा. जोडी वर्षभर मोडू नका, हरली तरी. सिंगल्स बंद करा असं कुणी म्हणत नाही, पाय त्यातच तयार होतात. आणि धुळ्याचं पोरगं चांगलं असेल तर ते महिन्यातून दोन रविवार इकडे येईल, आपलं तिकडे जाईल. रेल्वे आहे, एसटी आहे.

अंतराचं तुणतुणं तर वाजवूच नका. अमलापुरम हे गोदावरीच्या मुखाजवळचं, नारळ-केळीच्या मुलखातलं गाव, जळगावच्या मानानं कितीतरी लहान. मुंबईच्या चिरागचा पार्टनर तिथून आला, आणि तो कुठून आला याची मलेशियाहून आलेल्या कोचला काही अडचण वाटली नाही. आमच्या कोचना चाळीसगाव लांब वाटतं.